ओसरीवरून : वाऱ्यानें पाडलेला फणस

सावंतवाडीकडील एका वाचकांचें पत्र आलें आहे. त्यांच्या परसांतील जुना रायवळ आंबा मुळासकट उलथून पडला. वखारवाला त्याची उक्ती किंमत देऊं करतो. घरांतील तरुण मंडळी 'देऊन मोकळे व्हा' म्हणतात. आणि वडील माणसें म्हणतात कीं, आजोबांच्या हातचें झाड जळाऊ म्हणून जाऊं देऊं नये. 'आपण या प्रसंगांतून गेलां आहां असें ऐकतों, तरी अनुभव लिहावा,' अशी त्यांची इच्छा आहे. अनुभव आहे खरा. परंतु त्यांतील निम्मा फजितीचा आहे. तो तसाच लिहितों.

ता. ३ जून २०२० रोजीं दुपारीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें. साथीमुळें पुण्यामुंबईकडील मंडळीहि त्या वेळीं गांवींच होती, त्यामुळें दापोली तालुक्यांतील आमच्या घरांत लहानमोठीं अकरा माणसें दारें लावून बसलीं होतीं. कौलें उडत होतीं, माड मोडत होते. त्या गदारोळांत फणस पडल्याचा आवाज कोणासच ऐकूं आला नाहीं. वारा ओसरल्यावर मागील दार उघडलें, तों परसांत लख्ख उजेड! त्या जागीं असा उजेड मीं जन्मांत पाहिला नव्हता. विहीर आणि गोठा यांच्या मधोमध उभा असणारा आजोबांचा कापा फणस गोठ्याचा एक कोपरा घेऊन आडवा झाला होता, आणि त्याच्या मुळांची मातीसकट ढेप पुरुषभर उंच उभी राहिली होती.

मूळ विषयास हात घालण्यापूर्वीं एक सूचना केलीच पाहिजे. अशा झाडाचें खोड मुळाजवळ तोडलें, कीं वरचा भार गेल्यामुळें ही ढेप पुष्कळदां आपल्या खड्ड्यांत पुन्हां धाडकन् बसते. आणि मुलांना लपण्यास त्या खड्ड्याइतकी सुरेख जागा दुसरी नसते. खोड तोडण्याच्या आदल्या संध्याकाळीं आमच्या घरचींच दोन मुलें तेथें सांपडलीं. त्या रात्रीं मला झोप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं ढेपेला भक्कम टेकू दिल्यावांचून मीं कोणास खोडाला हात लावूं दिला नाहीं. फांद्यांचेंहि तसेंच आहे. जमिनीला टेकून वांकलेली फांदी म्हणजे ओढलेलें धनुष्य होय; ती आधीं दबलेल्या अंगाकडून थोडी कापावी, मग ताणलेल्या अंगाकडून. उलट केल्यास ती कापणाऱ्याच्या अंगावर येते.

सरकारी बाजूहि सांभाळावी लागते. फणस हा महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोडीसंबंधींच्या कायद्यांतील यादींतला वृक्ष आहे. तेव्हां झाड आपोआप पडलेलें असलें तरी आधीं पंचनामा करून घ्यावा, आणि लाकूड गांवाबाहेर न्यावयाचें असेल तर वनखात्याच्या कार्यालयांत विचारल्यावांचून गाडी भरूं नये. आम्हीं परसांतच कापविलें, त्यामुळें ही यातायात पुष्कळशी वांचली.

परंतु कापवावें कीं विकावें, याचा निकाल लागण्यासच महिना गेला. झाड पडलें तें सामाईक जमिनींत. आम्ही तिघे बंधु. सातबाऱ्यावर तिघांचींहि नांवें. दादा म्हणाले, कापवूं. धाकट्याचे चिरंजीव पुण्यास हिशेबाच्याच कामावर आहेत. त्यांनीं कापण्याचा खर्च, सुताराची मजुरी, वाहतूक यांची बेरीज करून बाजारांतील तयार कपाटापेक्षां हें लाकूड महाग पडेल असें सिद्ध केलें. हिशेब बरोबर होता. तो मीं तेव्हांच कबूल केला. मात्र त्याच आठवड्यांत एक वखारवाले ओंडका पाहण्यास आले, आणि त्यांच्या फितीनें आमचें मत ठरविलें.

ओंडका १४ फूट लांब होता व मध्यावर त्याचा घेर ९६ इंच भरत होता. वखारीची रीत अशी कीं, घेराची चौथाई घ्यावी, तिचा वर्ग करावा आणि लांबीनें गुणावें. ९६ ची चौथाई २४ इंच, म्हणजे दोन फूट, वर्ग चार, चार गुणिले चौदा म्हणजे ५६ घनफूट. आतां हाच ओंडका शुद्ध वर्तुळाकार धरून भूमितीनें मोजला तर ७१ घनफुटांहून थोडें अधिकच येतें. म्हणजे शेंकडा एकवीस भाग या रीतींतच नाहींसा होतो. ही लबाडी नव्हे. गोल ओंडका चौरस करतांना कडेच्या छाटी वायां जातात, त्यांची ही रूढ वजावट आहे, आणि ती धंद्यांत सर्वांस ठाऊक असते. परंतु ही वजावट झाल्यावर त्या गृहस्थांनीं सालीबद्दल वेगळी सूट मागितली, वर 'हें सारें जळाऊच' म्हणून दर जळणाचा लावला. इमारती मापानें मोजावयाचें आणि जळणाच्या भावानें घ्यावयाचें, हें चिरंजिवांनाहि रुचलें नाहीं. त्यांनींच फीत गुंडाळून त्या गृहस्थांच्या हातीं दिली.

ठरलें खरें, पण माणूस मिळेना. वादळानंतर प्रत्येक सुतार लोकांच्या छपरांवर होता. वीज तर कित्येक दिवस नव्हती. ओंडका परसांत पावसांत पडून राहिला. येथें माझी पहिली चूक झाली. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांस त्याच दिवशीं मेण, डांबर किंवा घरांत उरलेला जुना तैलरंग फांसावयास हवा होता. लाकडांतील पाणी अंगापेक्षां तोंडांतून फार लवकर निघून जातें. तोंडें आधीं आवळतात, मधला भाग आवळत नाहीं, आणि ओंडका तोंडाकडून तडकतो. दिवाळीनंतर पाहतों तों दोन्ही टोकांना हात जाईल अशा भेगा! दोहोंकडून एकेक फूट छाटून टाकावा लागला. चौदाचे बारा फूट राहिले. एका डबाभर रंगाच्या आळसापायीं सातवा हिस्सा चुलींत गेला.

डिसेंबरांत खेडकडून एक तरुण साखळीची यांत्रिक करवत घेऊन आला. पूर्वीं असा ओंडका माचाणावर चढवीत, एक जण वर व एक जण खालीं उभा राही, आणि दोघे मिळून मोठी करवत ओढीत. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. आतां ओंडका हलवावा लागत नाहीं, हें खरें सुख. कारण आमचा दीड टनाच्या घरांत असावा. त्या तरुणानें ओंडक्यावर एक सरळ शिडी पाणसळ लावून खिळ्यांनीं बसविली आणि करवतीचा सांगाडा तिच्यावरून सरकवीत पहिला काप घेतला. पुढचे सारे काप त्या पहिल्या कापाच्या अंगावरून चालतात. पहिला काप वांकडा गेला तर दहाहि फळ्या वांकड्या! प्रत्येक कापांत मागें लांकडी पाचरी ठोकाव्या लागतात, नाहींतर वरची फळी बसून करवत आवळली जाते. फणसाचा चीकहि साखळीला धरतो. तो रॉकेलच्या बोळ्यानें वरचेवर पुसावा लागे. चौथ्या कापांत ठिणग्या उडाल्या. आईनें केव्हां तरी धुणें वाळत घालण्याची तार बांधण्यासाठीं ठोकलेला खिळा झाडानें चार बोटें आंत गिळला होता. त्याच्या भोंवतीं लाकूड शाईसारखें निळेंकाळें झालें होतें. घराजवळच्या झाडांत असें कांहीं सांपडणारच, हें कापणाऱ्यास आधीं सांगून ठेवावें. एक साखळी भरून द्यावी लागली.

मजुरीचा प्रश्न निघाला तेव्हां मला भास्कराचार्य आठवले. शके १०७२ मध्यें लिहिलेल्या त्यांच्या 'लीलावतीं'त क्रकचव्यवहार म्हणून एक लहानसें प्रकरण आहे. क्रकच म्हणजे करवत. शाळेंत हें कोणी शिकवीत नाहीं. रीत अशी कीं, लाकडाची बुंध्याकडील व शेंड्याकडील जाडी यांची सरासरी घ्यावी, तिला लांबीनें आणि कापांच्या संख्येनें गुणावें, आणि अंगुळांचे हात करण्यासाठीं ५७६ नीं भागावें. त्यांतलें उदाहरण असें: बुंधा २० अंगुळें, शेंडा १६, लांबी १००, आणि काप चार, उत्तर साडेबारा हात. म्हणजे करवतीची मजुरी लाकडाच्या घनफळावर नव्हे, तर जेवढें अंग कापलें जातें त्या क्षेत्रफळावर मोजावयाची. एकच ओंडका दोन कापांत तोडला काय आणि वीस कापांत तोडला काय, घनफूट तेच. परंतु घाम दहापट.

आमचा बुंधा ३३ इंच, शेंडा २८, लांबी १२ फूट, काप अकरा. लीलावतीच्या रीतीनें साडेतीनशें पस्तीस चौरस फूट झाले असते, असें घाईनें मीं बोलून गेलों, आणि पोरानें मलाच दुरुस्त केलें: 'मास्तर, तीनशें साडेपस्तीस!' शिवाय कडेचे काप अरुंद असतात, म्हणून फितीनें भरले तीनशेंच्या आसपास. मी वरच्या आंकड्यानें देण्यास तयार होतों, तो खालचा घेण्यास तयार होता. शेवटीं मधें ठरलें. आचार्यांनींहि दर हा लाकडाचा मऊपणा-कठीणपणा पाहून कारागिराच्या संमतीनेंच ठरवावा, असें म्हणून ठेवलें आहे.

साखळीच्या करवतीचा मोठा दोष मात्र सांगितला पाहिजे. प्रत्येक कापांत ती पावणेदोन सूत नव्हे, चांगलें तीन सूत, म्हणजे इंचाचा तीन-अष्टमांश, लाकूड खाते. अकरा कापांत चार इंचांहून अधिक गेलें. दीड इंची फळ्यांच्या हिशेबानें पावणेतीन फळ्यांचा नुसता भुसा! गिरणीवरील पट्ट्याच्या करवतीचा काप सुमारें एक सुताचा. तेथें एक फळीहि वायां गेली नसती. पण तेथवर ओंडका न्यायचा कसा? ज्याच्या परसापर्यंत क्रेन आणि मालमोटार येते त्यानें गिरणीचाच विचार करावा.

एकूण दहा फळ्या निघाल्या. दोन तीन-इंची, त्या गोठ्याच्या चौकटीला, आठ दीड-इंची. पहिली फळी उलटली तेव्हां सारें परस हळदीनें माखल्यासारखें दिसलें. फणसाचा गाभा ताजा असतांना असाच पिवळाधमक असतो आणि मग वर्षांनुवर्षें तांबूस-तपकिरी होत जातो. आमच्या दक्षिणी बांधवांच्या वीणा व मृदंग याच लाकडाचे. सालीलगतचा फिकट भाग मात्र पडून राहिल्यामुळें भुंगेऱ्यांनीं पोखरून टाकला होता. तो निर्दयपणें छाटावा. ममतेनें ठेवला तर कीड कपाटांत येते.

वाळविण्याचें शास्त्र फार मोठें नाहीं, पण धीराचें आहे. जाडीच्या प्रत्येक इंचास एक वर्ष, हा जुना ठोकताळा. पडवींत जमिनीपासून हातभर उंच समपातळीवर ओंडके मांडून त्यांवर फळ्या रचल्या. प्रत्येक दोन फळ्यांमध्यें इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, दोन दोन फुटांवर, आणि वरची पट्टी नेमकी खालच्या पट्टीच्या डोक्यावर. ती इकडे-तिकडे झाली कीं फळी तेथेंच वांकते. सर्वांवर जांभा दगडांचें वजन. लाकूड त्रिज्येच्या दिशेनें जितकें आक्रसतें त्याच्या सुमारें दुप्पट वर्तुळाच्या दिशेनें आक्रसतें. म्हणून कडेच्या फळ्या सालीच्या अंगाला खोलगट होतात आणि ज्या फळींतून झाडाचें मध्यबिंदु जातें ती तेथेंच चिरते. शेवटच्या फळीचा हातभर तुकडा मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेस स्वयंपाकघरांतील तराजूवर तोलीत असें. आरंभीं ४ किलो ६०० ग्रॅम. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटीं ३ किलोच्या जवळ. पावसाळ्यांत तोच तुकडा पुन्हां शंभर-सव्वाशें ग्रॅम वाढे. सूनबाई म्हणत, मामंजींचें हें एक नवें नातवंडच आहे.

ओलें लाकूड मुळींच वापरूं नये असें मात्र नाहीं. पॅरिस येथील नोत्र दाम हें प्राचीन देवालय १५ एप्रिल २०१९ रोजीं जळालें. त्याच्या छपराचा सांगाडा ओक वृक्षांचा होता, आणि पुन्हां बांधतांना फ्रान्सच्या अरण्यांतून हजारांवर ओक तोडून आणले. त्या वेळीं सुतारांनीं कित्येक तुळ्या जुन्या पद्धतीनें कुऱ्हाडीनें तासून ओल्याच चढविल्या. डिसेंबर २०२४ मध्यें देवालय पुन्हां उघडलें. जाड तुळई जागेवर वाळली तरी चालते. सांध्यांतच ती आवळत जाते. कपाटाच्या दाराला ही मुभा नाहीं.

आतां फजितीचा उत्तरार्ध. आठ फळ्यांपैकीं दोन दोन तिघां बंधूंच्या, एक देव्हाऱ्याची आणि एक माजघरांतील झोपाळ्याची, अशी वांटणी ठरली. तेव्हां आमच्या काकू, ज्यांना चौऱ्यायशीवें चालू होतें, एवढेंच म्हणाल्या : 'अरे, वाऱ्यानें पाडलेलें लाकूड आहे. त्याचें हवें तें करा. निजण्या-बसण्याचें करूं नका.'

काकूंनीं वराहमिहिर वाचलेला नाहीं. मीं वाचला आहे. बृहत्संहितेंत शय्या व आसनें यांच्या लक्षणांचा एक अध्याय आहे. त्यांत असन, चंदन, देवदार, शाल, शाक म्हणजे आपला साग, शिसवी इत्यादि वृक्ष प्रशस्त म्हटले आहेत. पनस त्या यादींत नाहीं. आणि वीज, पाणी, वारा अथवा हत्ती यांनीं पाडलेलीं झाडें वर्ज्य सांगितलीं आहेत. लाकडांतील भोंकांना सूकरनयन, वत्सनाभ अशीं नांवें देण्याइतकें त्या ग्रंथकारानें लाकूड जवळून पाहिलें होतें. हें सारें मला पाठ. आणि तरी, किंबहुना म्हणूनच, मीं दादांना एकीकडे घेऊन सांगितलें कीं, त्याच यादींत पक्ष्यांचीं घरटीं आणि मधाचीं पोळीं असलेलीं झाडेंहि वर्ज्य आहेत, तेव्हां हें फारसें मनावर घेण्याचें कारण नाहीं. काकूंना कोणी कांहींच बोललें नाहीं. झोपाळ्याचें काम चालू राहिलें.

मे २०२३ मध्यें सुतारानें ती फळी रंधून सव्वा इंचावर आणली, दोन घोड्यांवर ठेवली आणि अनुभवी माणूस असल्यामुळें कड्या बसविण्यापूर्वीं स्वतः तिच्यावर उभा राहिला. फळी मोडली. कुरकुर नाहीं, कुसळ नाहीं. काकडी मोडावी तशी आडवी मोडली. सुतार उडी मारून बाजूला झाला म्हणून पाय वांचला.

तुटलेलें तोंड आम्हीं उन्हांत नेऊन पाहिलें. तेथें फळीच्या रुंदीभर, रेषांना आडवी, केसाएवढी एक सुरकुती होती. रंधा मारतांना ती सुताराच्या डोळ्यांसमोरून गेली होती, पण डाग म्हणून सोडली होती. लाकूडशास्त्रांत हा दोष ओळखीचा आहे. वादळांत खोड वांकतें तेव्हां एका अंगाचे तंतु ताणले जातात आणि दुसऱ्या अंगाचे दाबले जातात. ताण लाकूड पुष्कळ सोसतें. दाब त्या मानानें कमी. दाबाखालीं तंतु जागच्या जागीं चुरगळतात आणि अशी आडवी रेघ राहते. झाड त्यानंतरहि उभें राहूं शकतें, वर नवें लाकूड चढतें, आणि रेघ आंत दडून बसते. ही रेघ ३ जूनची कीं पूर्वींच्या एखाद्या वादळाची, हें त्या फळीवरून कळत नव्हतें. वराहमिहिरानें हीच रेघ पाहिली होती, असा दावा मी करीत नाहीं. त्यानें कारण दिलेलें नाहीं, फळ दिलें आहे, आणि घरट्यांचा दोष मला अजूनहि पटत नाहीं. परंतु जो निषेध मीं घरट्यांच्या जोडीला बसवून हंसण्यावारी नेला, तो त्या फळीपुरता तरी हंसण्यासारखा नव्हता. झोपाळ्यावर घरांतील चार मुलें एका वेळीं बसतात.

काकूंना मीं स्वतः जाऊन सांगितलें. त्यांनीं विचारलें, 'कोणी मूल बसलें नव्हतें ना?' नाहीं म्हटल्यावर पुन्हां निवडण्याकडे वळल्या.

उरलेल्या सात फळ्या त्यानंतर एकेक करून तिरप्या उजेडांत, ओल्या फडक्यानें पुसून पाहिल्या. आणखी एकींत तशीच रेघ सांपडली. तिचीं आखूड फळकुटें करून पुस्तकांच्या कपाटांत घातलीं, तेथें तीं सुखानें आहेत. देव्हारा झाला. दादांच्या वाट्याच्या फळ्यांचें दार झालें. चिरंजिवांच्या दोन फळ्या अजून माळ्यावर आहेत. पुण्याच्या त्यांच्या बिऱ्हाडाच्या पाळण्यांत आठ फुटांहून लांब वस्तु मावत नाहीं, आणि त्या कापूं देण्यास तेच आतां तयार नाहींत.

पत्रलेखकांच्या आंब्याविषयीं : आंब्याचें लाकूड फणसाइतकें टिकाऊ नाहीं, तें लवकर काळवंडतें आणि त्यास कीड फार लवकर लागते. आमच्यासारखे सहा महिने दवडूं नका. तोंडांना आजच रंग फांसा, शक्य तितक्या लौकर कापवा, आणि फळ्या वाऱ्यावर, पण उन्हापावसांत नव्हे, अशा रचा. पेट्या, फळकुटें, कपाटाचे आंतले कप्पे यांस तें उत्तम. झोपाळ्याची फळी हवीच असेल तर ती सागाची विकत आणावी.